शब्दांचीं कुळें : ‘वॉट’ आणि ‘वेद’

इंग्रजी भाषेंत ‘वॉट’ म्हणून एक लहानसा शब्द आहे. डब्ल्यू, ओ, टी एवढींच त्याचीं अक्षरें. ‘काय’ या अर्थाचा ‘व्हॉट’ लहान मुलांसहि ठाऊक असतो. तो हा नव्हे. या ‘वॉट’चा अर्थ ‘जाणतों’ किंवा ‘जाणतो’ असा आहे. सांप्रत तो बोलण्यांतून पार गेला असून कोशकार त्याच्यापुढें ‘अप्रचलित’ अशी खूण करितात. अशा गतप्राण शब्दाची चौकशी या सदरांत कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. तिचें समाधान प्रथम करूं.

अलीकडे आमच्याकडे आलेल्या पत्रांत एका वाचकभगिनीचें पत्र आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत मोबाइलवर एक संदेश आला. त्यांत म्हटलें होतें कीं, इंग्रजींतील ‘वॉट’ आपल्या ‘वेद’ शब्दापासून निघाला, ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’, आणि एकूण जगांतील सर्व भाषा संस्कृताच्या मुली. वडील मंडळीस हें वाचून समाधान वाटलें व त्यांनीं तें नातवंडांकडून पाठ करवून घेण्यास आरंभ केला. कॉलेजांत शिकणारा पुतण्या म्हणाला, “हें सगळें थोतांड आहे. संस्कृताचा आणि इंग्रजीचा कांहीं एक संबंध नाहीं.” भगिनी विचारतात, लहान मुलांस सांगावें तरी काय ?

आमचा निर्णय असा कीं, दोन्ही पक्ष अर्धे खरे व अर्धे खोटे आहेत. ‘वॉट’ आणि ‘वेद’ यांचें रक्त एकच आहे, यांत तिळमात्र संशय नाहीं. परंतु त्यांचें नातें बहिणी-बहिणींचें आहे, आई-मुलीचें नाहीं. हें कशावरून ठरतें तें क्रमानें पाहूं. निर्णय पाठ करण्यापेक्षां तो काढावयाचा कसा, हें मुलांस समजणें अधिक अगत्याचें आहे.

प्रथम शब्दाची ओळख. सुमारें हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘वितन्’ म्हणजे ‘जाणणें’ असें क्रियापद होतें. ‘मी जाणतों’ या अर्थीं त्याचें रूप ‘वात्’ असें होई. तेंच पुढें ‘वॉट’ झालें. त्याचा भूतकाळ ‘विस्ट’. इंग्लंडच्या जेम्स राजाच्या आज्ञेनें बायबलाचें जें भाषांतर १६११ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत हीं दोन्ही रूपें आहेत. बारा वर्षांचा येशू हरवतो, आईबापांस तो जेरुसलेमच्या मंदिरांत सांपडतो, आणि ‘तुम्हांस ठाऊक नव्हतें काय’ अशा अर्थाचा प्रश्न तो त्यांस करितो. तेथें ‘विस्ट’ योजिलेला आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतहि ‘गॉड वॉट’ हा वाक्प्रचार येतो. त्याचा शब्दशः अर्थ आपल्या ‘देव जाणे’ याहून निराळा नाहीं.

त्यानंतर शब्द म्हातारा झाला. एकोणिसाव्या शतकांत मॅन बेटाचे कवि टी. ई. ब्राउन यांनीं बागेवरील आपल्या कवितेंत ‘गॉड वॉट’ घातलें. तें लोकांस इतकें ओढूनताणून आणलेलें वाटलें कीं, पुढें त्यावरून ‘गॉडवॉटरी’ असा थट्टेचा शब्दच निघाला. मुद्दाम जुनाट शब्द वापरून आणलेला डौल, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्यें साखर-चहाच्या टंचाईची थट्टा करणारीं चित्रें भिंतींवर काढीत व त्यांखालीं ‘वॉट’ असें लिहीत. परंतु तो ‘व्हॉट’च, मुद्दाम अशुद्ध लिहिलेला. अक्षरें एक म्हणून शब्द एक होत नाहीं, हें येथेंच ध्यानांत धरावें. पुढें तें उपयोगीं पडेल.

आतां ‘वेद’ शब्दाकडे वळूं. ‘वेद’ म्हटलें कीं आपणांस ऋग्वेदादि चार ग्रंथ आठवतात. तें नाम. परंतु त्याच अक्षरांचें एक क्रियापदहि आहे. ‘विद्’ धातूचीं वर्तमानकाळीं ‘वेत्ति, वित्तः, विदन्ति’ अशीं रूपें होतात, हीं शाळेंत संस्कृत घेतलेल्यांस परिचित असतील. पाणिनीनें मात्र तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत या धातूस एक खास सवलत दिली आहे. लिट् म्हणून जो भूतकाळ आहे त्याचे प्रत्यय या धातूस वर्तमानकाळीं विकल्पानें लावावे, अशी ती सवलत. मग ‘वेद, विदतुः, विदुः’ अशीं रूपें सिद्ध होतात. अर्थ मात्र ‘जाणतो, दोघे जाणतात, सर्व जाणतात’ असा वर्तमानाचाच राहतो. उत्तम पुरुषीं ‘वेद’ म्हणजे ‘मी जाणतों’ आणि ‘विद्म’ म्हणजे ‘आम्ही जाणतों’.

या रूपांत तीन विशेष आहेत. एक, ‘मी जाणतों’ आणि ‘तो जाणतो’ या दोहोंस एकच रूप, ‘वेद’. दोन, एकवचनीं ‘वे’ तर बहुवचनीं ‘वि’, असा स्वराचा पालट. तीन, लिटांत धातूचें द्वित्व व्हावयाचें, जसें ‘ददर्श’, ‘चकार’. तें येथें होत नाहीं. आतां जुनी इंग्रजी पाहा. ‘मी जाणतों’ तें ‘वात्’ आणि ‘तो जाणतो’ तेंहि ‘वात्’. बहुवचनीं ‘वितोन्’, म्हणजे ‘वा’च्या जागीं ‘वि’ आला. द्वित्व नाहीं. जर्मन भाषेंत आजहि ‘मी’ आणि ‘तो’ या दोघांस ‘वाइस्’ आणि बहुवचनास ‘विस्सेन्’. ग्रीक भाषेंत आरंभींचा ‘व्’ गळून गेला, पण सांगाडा तोच : ‘ओइद’ म्हणजे ‘मी जाणतों’, आणि होमरच्या भाषेंत ‘इद्मेन’ म्हणजे ‘आम्ही जाणतों’. संस्कृत ‘वेत्थ’, म्हणजे ‘तूं जाणतोस’, यास ग्रीकांत ‘ओइस्थ’ असा जोड आहे.

शब्द उसने घेतां येतात. मराठीनें ‘दप्तर’ फारसींतून घेतलें, ‘टेबल’ इंग्रजींतून घेतलें. परंतु तीन तीन आडवळणें असलेली क्रियापदाची अशी चाल कोणी उसनी आणीत नाहीं. नाकाची ठेवण जशी शेजाऱ्याकडून मागून आणतां येत नाहीं, तशीच ही गोष्ट. ती कुळांतूनच यावी लागते. संबंधच नाहीं म्हणणाऱ्या पुतण्याच्या पक्षास एवढें उत्तर पुरे आहे.

जातां जातां मुलांच्या एका नेहमींच्या शंकेचेंहि उत्तर येथें मिळतें. ‘ही गोज’, ‘ही ईट्स’ असें म्हणावयाचें, तर मग ‘ही कॅन’ यास ‘एस्’ कां लागत नाहीं ? मास्तर ‘अपवाद’ म्हणून मोकळे होतात. खरें कारण हें कीं, ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ हीं क्रियापदें ‘वॉट’च्याच पंक्तींतलीं आहेत. त्यांचें रूप जुन्या भूतकाळाचें आणि अर्थ वर्तमानाचा. भूतकाळाच्या रूपास वर्तमानाचा ‘एस्’ कसा लागणार? पूर्वीं ‘ही वॉट’ असेंच म्हणत. पुढें लोकांस या गोष्टीचा विसर पडूं लागला, आणि १६११ च्या त्याच बायबलांत योसेफाच्या कथेंत ‘वॉटेथ’ असें वर्तमानाचा प्रत्यय चिकटविलेलें रूप आढळतें.

परंतु रूप भूतकाळाचें आणि अर्थ वर्तमानाचा, हा प्रकार घडला कसा ? या धातूचा मूळ अर्थ ‘पाहणें’ असा होता. लॅटिनांत ‘विदेओ’ म्हणजे ‘मी पाहतों’. ग्रीकांत ‘एइदोन’ म्हणजे ‘मीं पाहिलें’. तेव्हां ‘वेद’ आणि ‘वॉट’ यांचा मूळ अर्थ ‘मीं पाहिलें आहे’ असा. आणि ज्यानें पाहिलें आहे तो आतां जाणतो, म्हणून अर्थ वर्तमानांत आला. मराठींत आपणहि हेंच करितों. गुरुजी विचारतात, “कळलें का ?” मुलगा म्हणतो, “कळलें.” रूप भूतकाळाचें, पण मुलाचें म्हणणें ‘मला आतां कळत आहे’ असेंच असतें. पाहून झालें, त्यानंतर जें मागें उरतें तें ज्ञान. हा विचार त्या प्राचीन लोकांनीं क्रियापदाच्या रूपांतच बांधून ठेविला.

यांत एक गंमत आहे. पाणिनीच्या मतें लिट् हा परोक्ष भूतकाळ, म्हणजे वक्त्यानें स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचा काळ. त्याच लिटाचे प्रत्यय ज्या या धातूस वर्तमानकाळीं लागतात, तो धातु मूळचा प्रत्यक्ष पाहण्याचा. म्हणूनच पाणिनीनें या रूपांस लिट् न म्हणतां त्यांची सोय वर्तमानाच्या सूत्रांत निराळी लाविली. आजूबाजूच्या भाषांची कांहीं एक मदत नसतां, केवळ संस्कृत प्रयोगांच्या निरीक्षणावर त्यानें ही खोंच टिपली, हें पाहून मान लवते.

आतां वडील मंडळींचा पक्ष. ते म्हणतील, रक्त एक आहे हें सिद्ध झालें. मग संस्कृत ही आई म्हणावयास हरकत कोणती? हरकत आहे, आणि ती ध्वनींच्या हिशेबांतून निघते.

‘वेद’ आणि ‘वॉट’ यांत ‘द्’च्या जागीं ‘ट्’ आहे. हा पालट एकाच शब्दांत झालेला नाहीं. ‘द्वौ’ तें ‘टू’, ‘दश’ तें ‘टेन’, ‘दन्त’ तें ‘टूथ’, ‘पद’ तें ‘फुट’. याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें १८२२ सालीं हा नियम व्यवस्थित मांडला. स्वरांचाहि हिशेब लागतो. ‘महा’ आणि ‘इंद्र’ मिळून ‘महेंद्र’ होतो. म्हणजे आपला ‘ए’ हा अ आणि इ यांचा संधि. ‘वेद’ उकलला कीं ‘वइद’. त्याच्या जोडीला गॉथिक भाषेंत ‘वइत्’ आहे. जुन्या इंग्रजींत त्या ‘अइ’चा ‘आ’ होऊन ‘वात्’ झालें, आणि पुढें त्या ‘आ’चा ‘ओ’कडे कल झाला : ‘स्तान्’चें ‘स्टोन’ झालें, ‘हाम्’चें ‘होम’ झालें, तसें ‘वात्’चें ‘वॉट’. एकहि पायरी नियमावांचून नाहीं.

हाच हिशेब पुढें चालवूं. संस्कृतांत ‘अस्ति’, ग्रीकांत ‘एस्ति’, लॅटिनांत ‘एस्त्’. संस्कृतांत ‘अष्टौ’, ग्रीकांत ‘ओक्तो’, लॅटिनांतहि ‘ओक्तो’. संस्कृतांत ‘अजति’, म्हणजे ‘हांकतो’. त्या धातूचें ‘मी हांकतों’ हें रूप ग्रीकांत ‘अगो’ आणि लॅटिनांतहि ‘अगो’. संस्कृतांत तिन्ही ठिकाणीं एकच ‘अ’ आहे. ग्रीक व लॅटिन यांत मात्र एके ठिकाणीं ए, दुसऱ्या ठिकाणीं ओ, तिसऱ्या ठिकाणीं अ. आणि दोघींत अगदीं सारखी वांटणी. समजा, आईनें दोघी मुलींस तीन-तीन पांढरीं लुगडीं देऊन दूरदूरच्या गांवीं सासरीं धाडलें. कांहीं वर्षांनीं पाहावें तों दोघींचेंहि पहिलें लुगडें तांबडें, दुसरें हिरवें, तिसरें पांढरेंच. एकमेकींस न विचारतां हें कसें जमावें ? सरळ अनुमान असें कीं, लुगडीं मूळचींच रंगीत होतीं, आणि जी पेटी आपण आईची समजतों त्या पेटींतील लुगड्यांचा रंग मागाहून उडाला.

रंग उडाल्याचा डाग खुद्द संस्कृतांतच शिल्लक आहे. ‘कृ’ धातूचें लिटांत ‘चकार’ होतें. द्वित्वांत ‘क्’चा ‘च्’ होतो, हें पाणिनि सांगतो. कां होतो ? ए, इ हे स्वर पुढें आले म्हणजे मागील व्यंजन तालूकडे ओढलें जातें. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्यानें म्हणून पाहावे. ‘झ’चा उच्चार कसा बदलतो तें आपल्याच जिभेस कळेल. ‘चकार’मधील पहिल्या अक्षरांत एके काळीं ‘ए’सारखा स्वर होता. त्यानें ‘क्’चा ‘च्’ केला आणि नंतर तो स्वतः ‘अ’ होऊन गेला. १८७० नंतरच्या दशकांत युरोपांतील पंडितांच्या हें ध्यानांत आलें. तात्पर्य, संस्कृताच्याहि मागें एक भाषा होती, आणि ग्रीक, लॅटिन, गॉथिक व संस्कृत या तिच्या मुली.

ही कल्पना प्रथम ठसठशीतपणें मांडली ती याच भूमीवर. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें २ फेब्रुवारी १७८६ रोजीं सर विल्यम जोन्स यांनीं सांगितलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें साम्य आकस्मिक असूं शकत नाहीं. या कोणा एका समान उगमांतून निघाल्या असाव्या, व तो उगम आज कदाचित् उरलाहि नसेल. फ्रान्झ बॉप यांनीं १८१६ सालीं क्रियापदांच्या रूपांची तुलना करणारा ग्रंथ लिहून या शास्त्राचा पाया घातला. इकडे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ सालीं मुंबईस विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृतापासून प्राकृताच्या द्वारें मराठीपर्यंतचा प्रवास याच नियमबद्ध रीतीनें उलगडून दाखविला. संस्कृत ही आई नव्हे म्हटल्यानें तिचें तेज उणें होतें असें कोणास वाटूं नये. धातु निराळा व प्रत्यय निराळा करून दाखविण्याची कला तिच्या व्याकरणाइतकी स्वच्छ दुसरीकडे नव्हती. ती हातीं आली म्हणूनच इतर बहिणींचे चेहरे ओळखतां आले.

केवळ कानावर भिस्त ठेवली तर काय होतें, याचीं दोन उदाहरणें देतों. फारसींत ‘बद’ म्हणजे वाईट; ‘बदनाम’, ‘बदसूर’ या शब्दांतून तो आपल्या घरांत आहे. इंग्रजींत ‘बॅड’ म्हणजेहि वाईट. आवाज तोच, अर्थ तोच, दोन्ही भाषा एकाच कुळांतल्या. तरीहि या दोन शब्दांचा परस्परांशीं संबंध नाहीं. उलट ‘चक्र’ आणि ‘व्हील’ यांत एकहि अक्षर सारखें ऐकूं येत नाहीं, पण ते सख्खे. जुन्या इंग्रजींतील ‘ह्वेओल्’ हें रूप आणि ग्रीक ‘कुक्लोस्’ मध्यें ठेवले म्हणजे नातें नियमानें जुळतें. ‘व्हॅटिकन’ची गोष्ट पहिल्या प्रकारची. तें रोम येथील एका टेकडीचें ख्रिस्ती धर्माच्याहि पूर्वींचें नांव. ‘वाटिके’शीं त्याचें नातें कानाला लागतें, हिशेबास लागत नाहीं.

खऱ्या नातलगांची पंगत इतकी मोठी आहे कीं खोटे पाहुणे बोलावण्याची गरजच नाहीं. इंग्रजींतील ‘विट’ म्हणजे बुद्धि, ‘वाइज’ म्हणजे शहाणा, ‘विज्डम’ म्हणजे शहाणपण, हीं सर्व ‘विद्’चीं लेंकरें. ‘विटनेस’ याचा मूळ अर्थ ‘जाणीव’. मग साक्ष, आणि मग साक्षीदार. संस्कृतांतील ‘साक्षी’ शब्दांत ‘अक्षि’, म्हणजे डोळा आहे. इंग्रजाचा साक्षीदार ‘जाणणारा’ आणि आपला ‘डोळ्यांदेखत पाहणारा’. दोघे एकाच ठिकाणीं येऊन पोंचले. ग्रीक ‘इदेआ’ म्हणजे दिसणारें रूप. त्यापासून इंग्रजी ‘आयडिया’ निघाली. ग्रीकांत ‘हिस्तोर’ म्हणजे जाणता, पंच, त्यापासून ‘हिस्टरी’. आपला ‘इतिहास’ मात्र निराळ्या घराण्याचा. ‘इति-ह-आस’, म्हणजे असें असें खरोखर होतें.

वकील मंडळींस दोन शब्द नेहमीं लागतात : ‘टू विट’ आणि ‘व्हिज्’. दोहोंचा अर्थ ‘म्हणजे’ असा. पहिला शब्दशः ‘जाणण्यासाठीं’. दुसरा लॅटिन ‘विदेलिकेत्’ याचा संक्षेप. त्याचा अर्थ ‘पाहतां येईल’ असा. एकाच कागदावर एकाच धातूचीं दोन रूपें, एक जाणण्याचें व एक पाहण्याचें, शेजारीं-शेजारीं बसून असतात. आणि हल्लीं घरोघरीं लहानथोरांच्या तोंडीं असलेला ‘व्हिडिओ’ ? तोहि लॅटिन ‘विदेओ’वरूनच बनविलेला. म्हणजे ‘मी पाहतों’. हें वर्तमानाचें रूप आहे, हें मात्र विसरूं नये. पाहणें चालूं आहे, पाहून झालेलें नाहीं. ‘विदेओ’चा ‘वेद’ व्हावयास मध्यें विचार करावा लागतो. यंत्र तेवढें काम आपल्यासाठीं करीत नाहीं.

न पाहतां बोलण्याची खोड एका देशाची किंवा एका पक्षाची नाहीं. जुन्या इंग्रजींत ‘गेविस्’ म्हणजे ‘निश्चित’ असा शब्द होता. तोहि ‘विद्’च्याच कुळांतला. पुढें ‘इविस’ असें त्याचें क्रियाविशेषण झालें, अर्थ ‘खरोखर’. लिहिणाऱ्यांनीं तो शब्द तोडून ‘आय् विस’ असा लिहिला. वाचणाऱ्यांस वाटलें, ‘आय्’ म्हणजे मी आणि ‘विस’ म्हणजे जाणतों. अशा रीतीनें जें क्रियापद भाषेंत कधीं जन्मासच आलें नव्हतें, तें कवितांतून हिंडूं लागलें. लॉर्ड मेकॉले यांच्या १८४२ सालच्या ‘होरेशियस’ काव्यांतहि हा शब्द असाच दोन तुकड्यांत छापलेला आहे. हेच मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजीं, जोन्स यांच्या भाषणाच्या बरोबर एकोणपन्नासाव्या वाढदिवशीं, कलकत्त्यासच बसून संस्कृत विद्येस कवडीमोल ठरविणारें टिपण लिहून गेले. आणि आपणांस संस्कृत येत नाहीं, हें त्यांनीं त्याच टिपणांत नमूदहि करून ठेविलें. ज्यानें न पाहतां संस्कृतास कनिष्ठ ठरविलें, त्याच्यावर आपला राग असतो. मग न पाहतां तिला साऱ्या जगाची जननी ठरविणाऱ्यास आपण निराळा न्याय कसा लावणार ?

आतां ‘वॉट’ मेला कसा तें सांगून आटोपतों. जर्मन भाषेंत जाणण्याचीं क्रियापदें दोन : ‘विस्सेन्’ गोष्टीविषयीं आणि ‘केन्नेन्’ माणसाविषयीं. मराठींतहि हा भेद आपण पाळतों. ‘ही गोष्ट मला ठाऊक आहे’ आणि ‘मी त्या गृहस्थांस ओळखतों’. यांची अदलाबदल केली तर कानाला खटकतें. इंग्रजींतहि पूर्वीं ‘वॉट’ आणि ‘नो’ असे दोन शब्द होते. हळूहळू ‘नो’नें दोन्ही कामें पत्करलीं आणि ‘वॉट’चें वतन गेलें. हा ‘नो’ आपल्या ‘ज्ञा’ धातूचा भाऊ. त्याच्या आरंभीं जो मुका ‘के’ लिहितात, तो ‘ज्ञा’मधील ‘ज्’चा जोडीदार. इंग्रजानें तो बोलणें सोडलें, लिहिणें सोडलें नाहीं. आपणहि ‘ज्ञ’ लिहितों आणि ‘द्न्य’ म्हणतों. तेव्हां त्याला हंसण्याचें कारण नाहीं.

ऋषि म्हणजे ज्यांनीं मंत्र पाहिले ते, असा ‘ऋषि’ शब्दाचा संबंध यास्काचार्यांनीं निरुक्तांत पाहण्याशीं जोडिला आहे. आजचें भाषाशास्त्र ती व्युत्पत्ति मान्य करीत नाहीं. पण त्यामागील विचार आणि ‘वेद’ या क्रियापदाची घडण एकमेकांस किती जवळ आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्याच निरुक्तांत, अर्थ न समजतां वेद पाठ करणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. जी गोष्ट वेदांस लागू, ती मोबाइलवरील संदेशास लागू असूं नये काय ? म्हणून आमची सूचना एवढीच कीं, मुलांस संदेश पाठ करावयास न लावतां ‘वेद, विदतुः, विदुः’ हीं रूपें शिकवावीं, त्यांशेजारीं ‘वात्’, ‘वितोन्’ मांडून दाखवावीं, आणि सारखेपणा त्यांचा त्यांस हुडकूं द्यावा. शब्दाचें नातें कोणी सांगितलें कीं दोन प्रश्न विचारण्याची संवय त्यांस लावावी : याच्या आधींचें रूप कोणतें, आणि हा पालट दुसऱ्या कोणत्या शब्दांत दिसतो ? उत्तर मिळालें तर आनंदानें मान डोलवावी. न मिळालें तर शब्द सुंदर आहे म्हणून स्वीकारूं नये.

पुढील अंकीं ‘ज्ञा’च्या कुळांतील ‘अन्‌कूथ’ या शब्दाचा विचार करूं. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘अनोळखी’ असा होता. तो ‘असभ्य’ कसा झाला, हें एकत्र कुटुंबांत नव्यानें आलेल्या सुनांस व जांवयांस विशेष मनोरंजक वाटेल.